मी सांगेपर्यंत

काचेच्या पलीकडे मी एकतीस वर्षं बसले. अलीकडे त्या दिवशी पहिल्यांदाच बसले, आणि इथली खुर्ची इतकी बुटकी आहे हे एकतीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. कानांवर जाड गाद्यांचे हेडफोन, हातात बटन. आवाज आला की दाबायचं, अगदी बारीक आला तरी दाबायचं, असं काचेपलीकडच्या मुलानं मला समजावलं. मोठ्यानं आणि सावकाश, म्हणजे आम्हीच शिकवतो तसं. तो मला काकू म्हणाला, त्यावरून कळलं की मी कोण ते त्याला माहीत नाही. मीही सांगितलं नाही. मी लबाडी केली. कान तपासणाऱ्याच्या हाताला एक लय असते, कितीही टाळली तरी असते. दोन आवाज, जरा उसंत, मग तिसरा. ऐकू यायचं थांबलं तेव्हा मी त्या लयीवर बटन दाबत गेले. मुलगा हुशार निघाला. त्यानं मध्येच हात उचलला, नुसताच बसून राहिला, आणि मी त्याच्या गप्प बसण्यावर तीन वेळा बटन दाबलं. तो हसला नाही. मान खाली घालून त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते वाचायची मला गरज नव्हती. ‘उत्तरे विश्वासार्ह नाहीत.’ शेकडो म्हाताऱ्यांच्या कागदांवर मी ते स्वतःच्या हातानं लिहिलेलं आहे.

धक्का त्याचा नव्हता. वय झालं की कान जातात, आणि आमच्या घरात तर आत्यापासून सगळ्यांचे गेले. धक्का नंतर बसला, बाहेर, अगदी एवढासा. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता मला काहीतरी विचारलं. मला ते कळलं नाही, आणि तोंडानं ‘काय?’ म्हणायच्या आधीच माझा उजवा हात आपला आपण वर आला, मनगटात वळला आणि बोटं उघडली. मी हातानं ‘काय?’ विचारलं. दुसऱ्या क्षणी चोरी पकडली गेल्यासारखा मी तो खाली ओढला, मागच्या बाकावर बसले आणि हात मांडीखाली घातला. मग दुसराही घातला. बाक लाकडी पट्ट्यांचा होता. पट्टीची कड बोटांच्या पेरांत रुतली, आणि मला खार आठवली.

आठवली म्हणणं हीसुद्धा लबाडीच. खारीला मी विसरले कधी होते? उलट मी तिला वर्षानुवर्षं वापरलं. माझ्याकडे तिची एक कॅसेट होती, पुढे तिची मी सीडी करून घेतली, पुढे ती लॅपटॉपमध्ये गेली. बावीस सेकंदांची. सहा वर्षांची बहिरी मुलगी चार शब्द बोलते: आई. पाणी. पुरे. जाते. भाषा आपली नव्हती, शब्द त्यांचे होते, पण सभागृहात अर्थ सांगावाच लागायचा नाही. आवाज ऐकूनच लोक पुढे सरकून बसायचे. मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना ती पहिल्या दिवशी ऐकवायची आणि म्हणायची, चौदा महिन्यांपूर्वी ही मुलगी मुकी होती. टाळ्या पडायच्या. एकदा एका आगाऊ मुलीनं हात वर करून विचारलं होतं, मॅडम, पुढे तिचं काय झालं? मी म्हणाले, चहाची वेळ झाली.

परदेशात स्वयंसेवक म्हणून गेले तेव्हा मी पंचविशीची होते आणि पदवीच्या कागदाची शाई वाळायची होती. दगडखाणीच्या वरच्या अंगाला एक वस्ती, एकाला एक लागून चढत गेलेली घरं, खिडक्यांच्या कडांवर पांढरी धूळ. सुरुंग उडवायच्या आधी तीनदा भोंगा व्हायचा आणि सगळे आडोशाला जायचे. तिथे एका हिवाळ्यात तापाची साथ आली. वाचलेल्या मुलांपैकी अकरांचे कान गेले. त्यातला एक मुलगा पुढच्या वर्षी भोंगा न ऐकता चेंडूमागे धावत गेला आणि सुरुंगात सापडला. तिथल्या दवाखान्यातल्या सिस्टरनं मग संस्थेला पत्र लिहिलं की कुणीतरी पाठवा, आणि संस्थेनं मला पाठवलं. ऐकू येणं मी परत आणू शकत नव्हते. बोलणं मात्र आणू शकते असं मला शिकवलेलं होतं, आणि माझा त्यावर विश्वास होता, लग्नाळू मुलीचा असतो तसा ठाम. आमच्या बाईंचं एक वाक्य मी वहीत पहिल्या पानावर लिहिलं होतं: हातांना काम दिलं की जीभ आळशी होते. म्हणून पहिल्या दिवसापासून तापातली उरलेली दहा आणि जन्मापासूनची एक, अशी अकराच्या अकरा मुलं माझ्यासमोर बाकांवर बसायची ती हात मांड्यांखाली घालून. कुणाचा हात सुटला की मी धडा थांबवायची आणि नुसती बघत राहायची, तो परत आत जाईपर्यंत. मी मारलं कधीच नाही. हे मी पुष्कळदा स्वतःला सांगितलेलं आहे, की मारलं मी कधीच नाही.

समोर आरसा. ओठांपुढे धरायला कागदाची पट्टी, बोटभर रुंद, वीतभर लांब. ‘प’ म्हणताना ओठ मिटून उघडले, हवा सुटली, की पट्टी फडकते. पोरांना स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही, पण कागद हललेला दिसायचा. माझा गळा त्यांच्या तळहाताखाली, त्यांचा माझ्या. त्यांच्या भाषेतही ‘पुरे’चा शब्द असा ओठ मिटूनच सुरू होतो, म्हणून तो मी लवकर घेतला. वस्तीत मला कागदवाली बाई म्हणायचे. मला ते आवडायचं.

खार त्यातली सगळ्यांत लहान. मिळेल ते गालात साठवून ठेवायची, खडे, बटणं, ब्रेडचा तुकडा, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. ती तापातली नव्हती, जन्मापासून तशी. आणि म्हणून तिच्या घरात असं काहीतरी होतं जे बाकी दहांच्या घरात नव्हतं. तिची आई तिच्याशी हातानं बोलायची. खुणा म्हणत नाही मी, बोलणं म्हणते, आज म्हणते. त्या दोघींनी सहा वर्षांत घरातल्या घरात घडवलेलं होतं ते. मेलेल्या बापाची खूण म्हणजे टोपी उचलून खुंटीला लावणं. शेजारच्या भांडकुदळ म्हातारीची खूण म्हणजे दाराला कडी. रुसण्याची होती, पाऊस येणार याची होती, काल आणि उद्याची होती. आणि खारीच्या नावाची होती: वाकवलेल्या बोटानं स्वतःच्या गालावर दोन टिचक्या. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मायलेकी चुलीपाशी बसून कुणाची तरी नक्कल करत होत्या आणि आवाज न करता इतक्या हसत होत्या की आईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी दारात उभी होते. कुणीतरी माझ्याविषयीच बोलतंय असं वाटून मला राग आला होता. आता वाटतं, राग मत्सराचा होता. मला त्यांच्या भाषेतले तीनशे शब्द घोकून येत होते आणि त्या दोघींना माझी गरज नव्हती.

तिच्या आईला मी शाळेत बोलावलं. ती माझ्याच वयाची, पण मला बाई म्हणायची आणि मी तिला खारीची आई. मी तिला समजावलं. अगदी शास्त्रशुद्ध समजावलं. म्हणाले, तुम्ही हात वापरता तोवर ती तोंड उघडणार नाही, कशाला उघडेल? तुम्ही तिच्या वाटेत उभ्या आहात. पोरीचं भलं हवं असेल तर हात बंद. दोघींचे. घरातसुद्धा. ती म्हणाली, मग मी तिच्याशी बोलू कशी? मी म्हणाले, तोंडानं. ती म्हणाली, तिला ऐकू येत नाही ना, बाई. मी म्हणाले, ओठ बघायला शिकेल. ती बराच वेळ माझ्या कागदाच्या पट्टीकडे बघत राहिली. मग विचारलं, किती दिवस? मी म्हणाले, मी सांगेपर्यंत. आणि वर धाक घातला, कारण आमच्या कामात आईबाप मध्येच ढिले पडतात आणि सगळं मुसळ केरात जातं: एकदा जरी हात वापरलात तरी आलेले शब्दसुद्धा जातील. हे खरं नव्हतं. हे खरं नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. औषध कडू आहे म्हणून आपण पोराला बागुलबुवाची भीती घालतो, तेवढ्याच सहज मी ते बोलले. मग मी त्या दोघींना बाकावर समोरासमोर बसवलं, हात मांड्यांखाली, आणि खारीनं आईच्या तोंडाकडे बघितलं, मग तिच्या खांद्यांकडे, जिथून हात वर यायचे तिथे, आणि वाट बघत राहिली.

पाच महिन्यांत चार शब्द आले. टेप करून घेतले. नंतर तीन आठवड्यांत मी निघाले. दोन वर्षांचा करार होता, मी चौदा महिन्यांत गेले. वडिलांना बरं नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. वडिलांना हर्निया झाला होता. खरं कारण म्हणजे मोठ्या इस्पितळातली जागा निघाली होती आणि हातची घालवायची नव्हती. निघायच्या सकाळी खारीची आई बसपाशी आली होती, खारीला घेऊन, दोघींचे हात पाठीमागे. मी म्हणाले, पत्र लिहीन.

हे सगळं मी त्या बाकावर बसून आठवलं नाही. त्या बाकावर मला फक्त पट्टीची कड टोचली आणि ‘मी सांगेपर्यंत’ एवढं आठवलं. मी सांगितलंच नव्हतं. घरी येऊन भाचीला म्हणाले, तिकीट काढून दे. भाची माझ्याजवळ राहते, माझ्यावर जीव आहे आणि जीभ तिखट आहे. जुन्या ओळखी बघून येते म्हटलं तर म्हणाली, पस्तीस वर्षांनी? मावशी, वरातीमागून घोडं. मग कानाच्या यंत्राचा डबा स्वतः माझ्या पर्समध्ये घालून म्हणाली, करून करून भागली नि देवपूजेला लागली. तिला काही माहीत नव्हतं, ती नेहमीसारखी थट्टा करत होती. मी विमानात बसेपर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर होतं.

बस वर चढली तीच वाट, आता डांबरी. उतरले तेव्हा इतकं शांत होतं की खाण बंद पडली की माझे कान, हे पहिल्या अर्ध्या तासात मला कळेना. दोन्ही गेलं होतं. खाणीत पाणी साचून हिरवं तळं झालं होतं, भोंग्याचा खांब होता, भोंगा नव्हता. घरं होती तशी होती, धूळ मात्र नव्हती, त्यामुळे सगळं उघडं पडल्यासारखं दिसत होतं. यंत्र मी बसमध्येच काढून ठेवलं होतं. इतरांना ते लावायला लाजू नका म्हणून मी आयुष्यभर पटवलं. स्वतःच्या कानात ते घालून त्या वस्तीत जायला मला लाज वाटली. समोर बसून, ओठ दिसत असले की माझं अजून भागतं. ओठ बघण्यात मी पहिल्यापासून तयार आहे.

सिस्टर आता ऐंशीच्या पुढे. दवाखाना बंद झाला, पण औषधांचं काचेचं कपाट तिनं घरात आणून ठेवलंय आणि त्यात कपबश्या लावल्यात. मला बघून नुसतं म्हणाली, आलीस. तिच्या लेखी मी अजून पोरगीच. ती मला अगंतुगं करत होती आणि मी तिला अहोजाहो. चहा करता करता तिनं एकेकाचा हिशेब दिला. दोघं वारले. तिघं परगावी. बाकीची सगळी खाली शहरात बटणांच्या कारखान्यात, तिथे तीसेक बहिरे कामगार आहेत, त्यांची हातांची भाषा आहे, तिचा शिक्षक आहे, क्लब आहे. मी गेल्यावर दहा वर्षांनी एक माणूस आला होता आणि त्यानं सगळ्यांना ती भाषा शिकवली. पोरं तहानलेली होती, सिस्टर म्हणाली, सहा महिन्यांत बोलायला लागली ती थांबेनात. आणि खार? खार तिथे मुकादम आहे. नवरा तिथलाच, तोही बहिरा, चांगला आहे. भांडते म्हणे झक्कास. माझ्या छातीवरचं काहीतरी सुटलं. म्हणजे माझ्यावाचून झालं होतं सगळं. माझ्या नाकावर टिच्चून झालं होतं, पण झालं होतं. मग बरं चाललंय म्हणायचं, मी म्हणाले. सिस्टरनं कप खाली ठेवला आणि तोंड नीट माझ्याकडे केलं, मला ऐकू येत नाही हे तिनं एव्हाना ताडलं होतं.

“तिच्या आईकडे गेलीस का?”

नाही म्हणाले. मग तिनं सांगितलं. खार दर रविवारी आईकडे येते, पहिल्या बसनं, सगळं घर झाडते, पाणी भरते, कपडे धुते, आणि मग दोघी समोरासमोर बसतात. हात मांड्यांखाली घालून. कारखान्यात दिवसभर जिचे हात थांबत नाहीत ती आईच्या उंबऱ्यात पाय ठेवला की हात आत घालते. चार शब्द बोलते. संध्याकाळच्या बसनं परत जाते. “लहान होती तेव्हा तिला वाटायचं, आई रुसली,” सिस्टर म्हणाली. “आपण काय केलं म्हणून रुसली ते शोधत बसायची. सगळी कामं करून टाकायची, की आता तरी बोलेल. ती झाडलोट अजून सुटलेली नाही. मोठेपणी मी तिला समजावलं, की बाईंनी सांगितलं होतं. कळलं तिला. पण कळून काय होतंय?” मी विचारलं, तुम्ही तिच्या आईला सांगितलं नाहीत का, की आता हात वापर म्हणून? दहा वेळा सांगितलं, सिस्टर म्हणाली. ती म्हणते, सिस्टर, तुम्ही तापाच्या. हे काम बाईंचं. आणि तुला पत्रं लिहिली, तीन.

पोचली नाहीत, मी म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले की मलाच त्या सराईतपणाची किळस आली. पहिलं पोचलं होतं. मी त्या महिन्यात विभागप्रमुख झाले होते. नीट वेळ काढून, विचार करून उत्तर लिहायचं म्हणून मी ते टेबलाच्या खणात ठेवलं होतं. दुसऱ्या दोन पत्रांवरचं अक्षर ओळखून मी ती न उघडता त्याच खणात, त्याच्यावर ठेवली. इस्पितळ सोडताना खण रिकामा करणाऱ्या शिपायाला मी म्हणाले होते, रद्दीच आहे, टाका. एका ओळीचं काम होतं. हात वापरा. दोन शब्द. मी त्या मुलीला चार दिले म्हणून जगभर मिरवले आणि तिच्या आईला दोन लिहिले नाहीत. कपाटातल्या कपबश्यांकडे बघत मी तिथे बसले होते. त्या दिवशी रविवारच होता. मी तो ठरवून निवडला नव्हता. पण निवडला असता तर बरं दिसलं असतं, असा एक विचार तेव्हाही माझ्या मनात येऊन गेला, इतकी मी निर्ढावलेली आहे.

सिस्टर काठी टेकत माझ्याबरोबर चढली. खारीच्या आईच्या घराचं दार उघडंच होतं. आतली खोली तीच, चूल गेली होती, शेगडी आली होती. भिंतीशी एक बाक होता आणि तो मी ओळखला. शाळा मोडली तेव्हा आईनं मागून आणलेला असणार. त्यावर खार बसली होती. एक्केचाळीस वर्षांची भरल्या अंगाची बाई, केसांत पांढरं, मुकादमाच्या हुकमी खांद्यांची. समोर स्टुलावर तिची आई, हाडं आणि डोळे. दोघींचे हात मांड्यांखाली. खिडकीच्या कडेवर, जिथे पूर्वी धूळ असायची, कागदाच्या पट्ट्यांची चळत होती. बोटभर रुंद, वीतभर लांब, मागच्या बाजूला जुन्या कॅलेंडरच्या तारखा. वर्षाचं कॅलेंडर संपलं की आई ते कापून ठेवत होती. पस्तीस कॅलेंडरं. मी दाराची चौकट धरली.

आईनं मला ओळखलं. उठली, लगबगीनं स्टूल पुसलं, बसा बाई, म्हणाली, आणि मी बसायच्या आत खारीकडे वळून तोंड मोठं उघडून बोलली, बघ, बाई आल्या. खारीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी तो घेतला असता, त्यासाठीच तर आले होते. बसच्या खिडकीतून आपण मैलाच्या दगडाकडे बघतो तसं तिनं मला पाहिलं आणि नजर परत आईच्या तोंडावर नेली. मग आईनं तो प्रकार केला ज्यासाठी मी तयार नव्हते. चळतीतून एक पट्टी काढून तिनं खारीच्या ओठांपुढे धरली. परीक्षेला बाई आल्या होत्या. आणि मुकादम बाईनं, भांडायला झक्कास असलेल्या बाईनं, एक्केचाळिसाव्या वर्षी, हात मांड्यांखाली ठेवून, माझ्यासाठी चार शब्द म्हणून दाखवले. आई. पाणी. पुरे. जाते. पट्टी नेमक्या ठिकाणी, दोनदा फडकली. “गेले नाहीत हो बाई, एकही,” आई म्हणाली. “सांभाळलेत.” मी दारातच उभी होते, म्हणून ती स्टुलावर परत बसली आणि तिनं हात मांड्यांखाली घातले.

मी विचारलं, इतकी वर्षं तुम्ही एकदाही? एकदाही हातानं? माझी त्यांची भाषा गंजली होती, मी अडखळत होते. तिला वाटलं मी तपासते आहे. नाही, शपथ, म्हणाली. ती आजारी पडली तेव्हासुद्धा नाही. लग्नाचं सांगायला आली तेव्हा काय झालंय ते मला कळेना, कुणीतरी मेलं असं वाटलं, तेव्हासुद्धा नाही. मी म्हणाले, पण का? चारच तर शब्द होते. त्यावर ती बाई माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मला साध्या गोष्टी कळत नाहीत.

“चारच होते, म्हणून तर. तुम्ही म्हणाला होतात, एकदा हात वापरला तर आलेलेही जातील. एवढेच होते तिच्याकडे, बाई. ते कसे घालवू?”

मग मी ते म्हणाले. प्रवासभर मी वाक्यं जुळवली होती, क्षमा, तेव्हाचं शास्त्र, माझं तरुण वय. त्यातलं एकही बोलले नाही, एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात नीट केली असेन. म्हणाले, मी खोटं बोलले होते. शब्द जात नाहीत. आता हात वापरा. मी सांगते आहे. तिला पटेना, तिनं सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनं मान हलवली. मी परत म्हणाले, मी सांगते आहे.

तिनं हात बाहेर काढले. मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघितलं, दुसऱ्या कुणाचे आणून ठेवल्यासारखे. मग उजवा उचलला. तो हवेत थांबला. काहीतरी सुरू झालं, बोटं टोपीकडे जावीत तशी कपाळाकडे गेली आणि मध्येच विसरली. परत खाली आली. डावा उचलला. तोही कुठे जायचं ते विसरून उभा राहिला. “काय होतं ते,” ती पुटपुटली, “काय होतं बाई ते?” मला विचारत होती. मी पाहिलेलं होतं ते सगळं, दारात उभी राहून पाहिलं होतं. त्या घरात ते आठवणारी कदाचित मी एकटीच होते. आणि खारीचे हात एव्हाना बाहेर आले होते. तिनं काहीतरी विचारलं, शहरातल्या भाषेत, भराभर, दहा बोटांनी, भुवया उचलून, सगळा देह त्यात घालून; तिचा चेहरा एका क्षणात सहा वर्षांचा झाला. आई ते हात बघत राहिली. एक अक्षर कळत नव्हतं तिला. खारीनं सावकाश केलं, परत केलं. आईनं मान हलवली. नाही. मग खारीनं हात खाली घेतले, आणि मला वाटलं आता संपलं.

तेव्हा आईचा हात पुन्हा उठला आणि या वेळी अडला नाही. बोट वाकलं, स्वतःच्या गालाशी गेलं. दोन टिचक्या. खारीला तिनं नावानं हाक मारली, पस्तीस वर्षांनी. मग परत. दोन टिचक्या, दोन टिचक्या, एवढंच सापडलं होतं तिला, ती तेच करत राहिली, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती हसत होती. खारीनं ओळखलं. मी तिच्याकडेच बघत होते, आणि चेहरे वाचणं हा माझा धंदा आहे. तिनं पहिल्या टिचकीला ओळखलं होतं. तिचाही हात निघाला, अर्ध्या वाटेपर्यंत आला, गालाच्या दिशेनं. आणि तिथे तिला सगळं कळलं असावं, किती गेलं ते. इतके रविवार. तो हात गालाला लागला नाही. तिनं तो पुढे नेला आणि आईचं ते टिचक्या मारणारं बोट धरलं. मग दुसरा हात धरला. दोन्ही हात तिनं आईच्या मांडीवर ठेवले, अगदी हळू, झोपलेल्याला ठेवावं तसे, आणि त्यांच्यावर स्वतःचे दोन्ही हात दाबून धरले. आई सोडवून घ्यायला बघत होती. खार सोडत नव्हती. मग ती बोलली, तोंडानं.

मला ऐकू आलं नाही. ती माझ्याकडे एका बाजूनं होती आणि यंत्र पर्समध्ये होतं. पण ओठ मिटलेले दिसले, क्षणभर दाबून धरलेले, आणि मग उघडले. पुरे. प अगदी स्वच्छ आला होता. समोर कागद धरला असता तर हलला असता.